रेघेवर शब्द लिहायला लाव

पोरी, तिसरी-चौथीची मुलं धडा घडाघडा वाचतात आणि ‘काय कळलं?’ विचारलं की गप्प होतात. तुझ्या वर्गातही तेच चाललंय म्हणतेस, तर त्यांच्या हातात कोरा कागद दे. पण धडा एकदा सबंध वाचून झाल्यावरच.

माणसं, जागा, घटना यांची वर्तुळं काढायला सांग. एका वर्तुळात दोनच शब्द, नाहीतर पोरं वाक्यंच्या वाक्यं उतरवतात. मग वर्तुळं बाणांनी जोडायची आणि प्रत्येक बाणावर एक शब्द लिहून घ्यायचा: ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘आधी’. हे विसरू नकोस. वर्तुळं पाठांतरानेही भरता येतात, बाणावरचा शब्द मात्र समजल्याशिवाय लिहिता येत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२च्या सुमारास संकल्पना-नकाशे विकसित केले, त्यांतही जोडरेघेवरच्या शब्दाला असंच मोल आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तला पोहण्याचा प्रसंग घे. श्याम घाबरून लपतो, आई त्याला झोडपते आणि विहिरीवर धाडते. मुलं ‘लपला’पासून ‘मार’पर्यंत बाण काढतात, वर ‘म्हणून’ लिहितात आणि आई रागीट होती असं सांगून मोकळी होतात. तेव्हा उत्तर सांगू नकोस. ‘आई’च्या वर्तुळातून एक रिकामा बाण काढ, त्यावर ‘कारण’ लिही आणि पुस्तक पुन्हा उघडायला लाव. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ प्रसंगाच्या शेवटी उलगडते, पण तिच्या मनात ती पहिल्यापासून असते. मुलाने तो बाण स्वतः शोधून पुरा केला, की मारामागची माया त्याला आपोआप दिसते.

माहितीच्या धड्याला आकृती वेगळी. जलचक्राला गोल, आणि वटवाघूळ व पक्षी यांची तुलना असेल तर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. छापील तयार नकाशे मात्र वर्गात आणू नकोस, त्यांत विचार दुसऱ्यानेच करून ठेवलेला असतो. रंगरंगोटीतही तास घालवू नकोस.

मग पुस्तक मिटून, नकाशावर बोट ठेवत गोष्ट सांगायला लाव. मूल अडखळेल तिथलं पान पुन्हा वाचून घे. त्या कागदाला गुण देऊ नकोस, चुकीचा बाण खोडायची मुभा राहू दे.

उद्याच्याच धड्यापासून सुरू कर, आणि वर्गात सगळ्यांत गप्प बसणाऱ्या मुलाचा कागद आधी बघ.