बुरशीचा मका आणि लिव्हर टॉनिक



सध्या एकच प्रश्न सारखा येतोय: "मका भिजला, थोडी बुरशी आली. गाईला घालतो आणि सोबत लिव्हर टॉनिक देतो, चालेल का?"

*चालणार नाही.* का ते नीट वाचा.

ओल्या मक्यावर, शेंगदाणा किंवा सरकी पेंडीवर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. यकृतात गेल्यावर त्याचं रूप आणखी घातक होतं आणि पेशींना इजा होते. यकृताकडे स्वतःचं ग्लुटाथायोन असतं, ते विषाला बांधून बाहेर काढतं. पण विष रोजच येत राहिलं तर ते पुरं पडत नाही.

टॉनिकमध्ये भुईआवळा, काळमेघ, कुटकी, हळद, मिल्क थिसल यांचे अर्क असतात. हे अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणजे पेशी जाळणारे फ्री रॅडिकल्स निष्प्रभ करतात. यात खोटं काही नाही. प्रयोगशाळेत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृत बिघडवतात. मिल्क थिसलचं सिलिमॅरिन दिलेल्या उंदरांत इजा कमी दिसते. पण तिथे अर्क मोजून, बहुतेक वेळा विषाच्या आधीपासून देतात. आपल्या गाईला विष दोन्ही वेळच्या दाणीतून मिळतंय. छपराचं भोक न बुजवता खाली बादली लावण्यातला प्रकार आहे हा.

आणि समजा यकृत थोडं सावरलंही, तरी *दुधाचं काय?* हेच विष एम-१ रूपात १२ ते २४ तासांत दुधात उतरतं. उकळून जात नाही. कायद्याने मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ते दूध आपलीच पोरं पितात. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती.

चांगली गोष्ट अशी, की खराब दाणा बंद केला की साधारण ३-४ दिवसांत दूध निवळतं. टॉनिकपेक्षा हा उपाय स्वस्त!

👉 बुरशी झटकली, धुतली, ऊन दिलं तरी विष राहतंच. तो मका कोंबड्यांनाही टाकू नका, वासरांना तर अजिबात नको.
👉 चांगला मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा.
👉 खाणं कमी, दूध घटलं, डोळे पिवळे दिसले तर पशुवैद्यकाला बोलवा. टॉनिक किंवा विष शोषणारी पावडर त्यांनी सांगितली तर जरूर द्या, खराब दाणा बंद करून.

मक्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, फोटोवरून विष कळत नाही. बुरशी न दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. शंका असेल तर तपासणीसाठी नमुना संकलन केंद्रावर आणा; पोत्याच्या वरचा, मधला आणि तळाचा दाणा एकत्र करून.