०.१ + ०.२ = ०.३ की आणखी काही? संगणक दशांश संख्या कशी लिहितो



पायथन या संगणक भाषेत ०.१ + ०.२ असं लिहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. मुलं लगेच म्हणतात, "संगणक चुकला!" पण तो त्याच्या नियमानेच वागलेला असतो. हा नियम इयत्ता पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांवरून समजावता येतो.

१. मूळ कारण

१/३ दशांशात लिहिताना ०.३३३... कधी संपतच नाही. १/२, १/४, १/५ मात्र संपतात. कारण आपली पद्धत १० ची, आणि १० चे मूळ अवयव २ व ५. संक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव आला की दशांश आवर्ती होतो.

संगणकाची पद्धत २ ची. तिथे फक्त १/२, १/४, १/८ असे छेद संपतात. १/१० च्या छेदात ५ आहे, म्हणून आपल्याला सोपा वाटणारा ०.१ संगणकासाठी आवर्ती ठरतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार अशी संख्या सहसा ६४ बिटमध्ये ठेवतात. जागा संपली की जवळची संख्या घ्यावीच लागते. त्यामुळे ०.१ च्या जागी प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५... एवढी संख्या साठते.

२. कृती

वर्तमानपत्राची ३२ सेंमी लांब पट्टी कापा. एका टोकापासून ३.२ सेंमीवर, म्हणजे १/१० वर, पेनाने खूण करा. आता पट्टी निम्म्यात दुमडत जा. चार घड्यांनंतर दर २ सेंमीवर वळी दिसते आणि खूण २ व ४ च्या मध्ये राहते. पाचव्या घडीनंतर ती ३ व ४ च्या मध्ये असते. कितीही घड्या घाला, वळी खुणेच्या जवळ येईल, पण बरोबर खुणेवर कधीच पडणार नाही.

३. मग पडद्यावर ०.१ च कसं दिसतं?

साठलेली संख्या पूर्ण लिहायची तर दशांश चिन्हानंतर ५५ अंक लागतात. एवढं कोण वाचणार? म्हणून आजची बरीच सॉफ्टवेअर एक नियम पाळतात: परत वाचल्यावर नेमकी तीच साठलेली संख्या मिळेल, असं सर्वांत लहान लेखन निवडायचं.

हे पत्रावरच्या पत्त्यासारखं आहे. गावात कुलकर्णी एकच असतील तर आडनाव पुरतं. दोन घरं असतील तर पूर्ण नाव लागतं. ०.१ + ०.२ ची बेरीज जिथे पडते, तिच्या अगदी शेजारच्या घराला '०.३' हे नाव आधीच दिलेलं आहे. म्हणून बेरजेला लांब नाव घ्यावं लागतं. ६४ बिटच्या संख्येला जास्तीत जास्त १७ सार्थ अंक पुरतात.

जुनं पायथन ०.१ ला ०.१०००००००००००००००१ असं दाखवायचं. २००९ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून ते ०.१ दाखवू लागलं. आतली संख्या तीच, फक्त लिहिण्याचा नियम बदलला.

४. आपल्या निकालपत्रकात काय?

साठलेलं आणि दिसणारं वेगळं असू शकतं, हे आपण एक्सेल वापरताना विसरतो. तीन चाचण्यांत ३४, ३५, ३५ गुण असतील तर सरासरी ३४.६६... येते. रकान्यात दशांश स्थळे शून्य ठेवली की तिथे ३५ दिसतं. पण 'पास' ठरवणारं सूत्र आतली ३४.६६ च तपासतं. कागदावर ३५ आणि शेजारी 'अनुत्तीर्ण'! पालकांनी विचारलं तर काय सांगणार? पूर्णांकन करायचं की नाही हे आपल्या नियमावरून ठरवा. करायचं असेल तर राउंड सूत्र वापरा, नुसती दिसणारी दशांश स्थळे कमी करू नका.

तसंच १२ अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो १.२३ ई+११ अशा रूपात दिसू शकतो. १६ अंकी क्रमांकाचा तर शेवटचा अंक शून्य होऊन जातो, कारण एक्सेल १५ च सार्थ अंक ठेवतं. ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते टाकण्याआधीच रकाना 'टेक्स्ट' करून घ्या.

मुलांना विचारा: ०.५, ०.७५, ०.६ आणि ०.१२५ यांपैकी कोणती संख्या संगणक तंतोतंत साठवू शकणार नाही? आधी प्रत्येकीचा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहायला सांगा. छेद पाहिला की उत्तर मुलं स्वतःच देतील.