टोळीतला मुलगा समजून घेताना

कादंबरी वाचून झाली की 'नायक चांगला की वाईट?' हा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास निघतो. परीक्षेत स्वभावचित्र रेखाटायला सांगतात आणि धाडसी, हळवा, प्रेमळ अशी विशेषणे ओळीने लिहून आपण मोकळे होतो. टोळीत वावरणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र ही पद्धत उपयोगाची नाही. त्याच्या हातात काय आहे, ते तिथे कसे आले आणि पुढे तो त्याचे काय करतो, हे पाहावे लागते.

'द आउटसायडर्स' ही इंग्रजी कादंबरी 1967 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिका एस. ई. हिंटन. लिहायला सुरुवात केली तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. टोळ्यांची कथा मुलीने लिहिली म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, या भीतीने प्रकाशकाने मुखपृष्ठावर तिची नुसती आद्याक्षरे छापली. (आपल्याकडेही नाव पाहून मत ठरवणारे काही कमी नाहीत!)

कथानायक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. हे त्याचे टोपणनाव नसून जन्मदाखल्यावरचे नाव आहे. आईवडील मोटार अपघातात गेलेले. थोरला डॅरी वीस वर्षांचा; कॉलेजचे स्वप्न सोडून तो घरांची छपरे बसवण्याचे कष्टाचे काम करतो. मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागला आहे. शहराच्या गरीब भागातली, केसांना तेल चोपडणारी ही 'ग्रीझर' पोरे. आणि दुसऱ्या बाजूला मोटारीतून फिरणारी श्रीमंतांची मुले, म्हणजे 'सोश'. मारामारी दोघेही करतात. गुंड हा शिक्का मात्र एकाच बाजूच्या कपाळी बसतो.

पोनीबॉयचा मित्र जॉनी सोळा वर्षांचा आहे. सोश पोरांनी त्याला एकदा अर्धमेला होईपर्यंत मारले, आणि तेव्हापासून तो खिशात चाकू बाळगू लागला. ही एक ओळ विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावी. चाकू आधी आला नाही, भीती आधी आली. पुढे एका रात्री सोश टोळके पोनीबॉयचे डोके बागेतल्या कारंज्याच्या पाण्यात दाबून धरते. त्याला वाचवताना जॉनीच्या हातून खून होतो. दोघे पळतात आणि ओळख पटू नये म्हणून केस कापतात. पोनीबॉयला फरारी होण्याइतकेच दुःख केस गेल्याचे होते. हे हास्यास्पद नाही. ज्याच्याजवळ दाखवायला दुसरे काही नसते, त्याला आपले केसही मिरवण्याजोगे वाटतात.

त्यानंतरच्या घटना अनेकांना ठाऊक असतील: जुन्या चर्चला लागलेली आग, लहान मुलांची सुटका, त्या आगीत जखमी झालेल्या जॉनीचा मृत्यू. पण माझ्या मते पोनीबॉय उलगडतो तो त्यानंतरच्या एका साध्या प्रसंगात. सोश पोरे अंगावर येतात. तो शीतपेयाची बाटली फोडतो आणि तिचे धारदार तोंड त्यांच्यावर रोखतो. ती निघून जातात. शेजारी उभा असलेला मित्र हे पाहून धास्तावतो, कारण पोरगा निर्ढावला असे त्याला वाटते. तेवढ्यात पोनीबॉय खाली वाकून काचा वेचू लागतो. कुणाच्या गाडीचे टायर फुटू नये, एवढेच त्याच्या मनात असते. बाटली फोडणारा आणि काचा वेचणारा हात एकच आहे. स्वभावचित्रात हे दोन्ही आले नाही, तर ते अपुरे राहील.

हे वाचताना अमेरिका फार दूर वाटत नाही. वेटाळ आणि पलीकडची कॉलनी यांमधली भिंत विदर्भातल्या कुठल्याही गावच्या मुलाला माहीत आहे. आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. 2001 साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरे भर पावसात मोडकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले. त्याच कार्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा हिंदी चित्रपट काढला. तो मार्च 2022 मध्ये प्रदर्शित झाला.

त्यातला अंकुश वस्तीत 'डॉन' म्हणूनच ओळखला जातो. पोनीबॉयचे विचित्र नाव खरे होते. याचे साधे, सुंदर नाव कुणी घेत नाही. चोऱ्यामाऱ्या, नशा, संभ्या नावाच्या मुलाशी वैर असा त्याचा दिनक्रम. आणि बाबासाहेबांच्या जयंतीत बेभान नाचणाराही तोच. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना ते दृश्य आवडले नाही, हे मी जाणतो. परंतु जयंतीच्या मिरवणुकीत अशी मुले असतातच, आणि वर्षभर आपण त्यांच्याकडे पाहत नाही, हेही तितकेच खरे. चित्रपटातले बोराडे सर त्यांना खेळण्यासाठी पैसे देतात. पुढे पैसे संपल्याचे सांगतात, तरी पोरे मैदानावर येतात.

मग परदेशी खेळायला जाण्याची वेळ येते आणि जुन्या मारामारीची पोलीस केस डॉनच्या पासपोर्टच्या आड येते. इथे अंगुलिमालाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याने शस्त्रे फेकून दिली, भगवंतांकडून प्रव्रज्या घेतली. तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला असता लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, भिक्षापात्रही फुटले. माणूस बदलला तरी गावाची स्मृती लवकर बदलत नाही. कादंबरीत न्यायाधीश पोनीबॉयला भावांजवळ राहू देतात, आणि इंग्रजीचे शिक्षक त्याला निबंध लिहायला सांगतात. तो लिहितो तो निबंध म्हणजेच ही कादंबरी. डॉनच्या बाजूने सर उभे राहतात. दोन्हीकडे एक तरी मोठा माणूस आहे.

अभ्यासवर्गात हे दोन प्रसंग लागोपाठ घ्यावेत: पोनीबॉयचे काचा वेचणे, आणि विमानतळावरच्या तपासणीत डॉनचे थांबणे. यंत्र वाजते. मागे रांग खोळंबलेली. त्याच्याजवळ अजून ते पाते आहे, कारण वस्तीत त्याच्याशिवाय बाहेर पडण्याची त्याला सवयच नाही. तो ते काढतो, टाकून देतो आणि पुढे जातो. विमान वर उडते तेव्हा खाली वस्तीची भिंत दिसते, आणि ती ओलांडू नये अशी तिच्यावरची सूचनाही.