इनास, डुमिंग, पास्कू : ही नावे आली कुठून?



गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे बाळाच्या स्नानसंस्काराचा अर्ज घेऊन आले. सोबत बाळाचे आजोबा होते. निवडलेल्या नावाचा अर्थ दोघांनाही सांगता येईना. "आजोबांचे नाव का ठेवत नाही?" मी सहज विचारले. मुलगा हसला. "फादर, इनास हे काय नाव आहे? ते गावठी टोपणनाव!" आजोबा खाली मान घालून बसले होते.

मी जुने रजिस्टर काढले. लॅटिनमध्ये नोंद होती : इग्नेशियस. आपल्या वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत हेच नाव इनासियु. आपल्या जिभेवर ते इनास झाले. गंमत म्हणजे लोयोलाच्या संत इग्नेशियसचे मूळ नाव इनिगो. इग्नेशियस हे नाव त्याने मोठेपणी घेतले.

डुमिंग म्हणजे दोमिंगुस, 'प्रभूचा'. पोर्तुगीज भाषेत रविवारलाही दोमिंगु म्हणतात. पास्कू हा पास्क्वाल, नावातच पास्खाचा सण. बस्त्याव म्हणजे सेबास्टियन. जुजे म्हणजे योसेफ, 'देव वाढवो'.

टोपणनावाला आपण उगाच कमी लेखतो. येशूने शिमोनाला 'केफा' म्हटले. अरामी भाषेत केफा म्हणजे खडक, ग्रीकमध्ये पेत्र. पहिल्या पोपना सारे जग टोपणनावानेच ओळखते! याकोब व योहान यांना प्रभूने 'गर्जनेचे पुत्र' म्हटले. दोघे भाऊ तापट असावेत असे मला वाटते. कुप्रच्या योसेफाला प्रेषितांनी बर्णबा हे नाव दिले व तेच टिकले. थोमा या शब्दाचा अर्थ तर नुसता 'जुळा'.

काही जण विचारतात, संताचेच नाव हवे का? १९१७च्या धर्मसंहितेनुसार पालकांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडावे असा नियम होता. १९८३च्या संहितेत (कलम ८५५) ख्रिस्ती भावनेला परके नाव नसावे, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे आनंद, कृपा ही नावे मी आनंदाने लिहितो. योहान या हिब्रू नावाचा अर्थ 'देव कृपाळू आहे'. मग कृपा परकी कशी? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नाव व वस्तू यांच्या नात्यावर आम्ही तासन् तास वाद घातला. ऑफिसात बसल्यावर कळले की नावामागे बहुधा एक माणूस उभा असतो. माझा आक्षेप आहे तो अर्थ न विचारता ठेवलेल्या नावांना.

रजिस्टरमधली ती ओळ आजोबांनी स्वतः बोट ठेवून वाचली. जोडप्याने अर्ज परत मागून घेतला. विचार करून येतो म्हणाले.

स्नानसंस्काराचा अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे, हाक मारायची आणि रजिस्टरमधली, दोन्ही लिहून आणावीत. जुनी नोंद शोधायची असल्यास जन्माचे साल सांगावे, मी काढून देईन.

आपला धर्मगुरू