पाण्यात उतरण्याआधी

चि. ओंकार,


परवा नलूमावशी गुहागरहून आली. तिच्या शेजाऱ्यांनी तुला ओळखलं म्हणे. ऐन जुलैत, उधाणाच्या वेळी, मित्रांबरोबर छातीभर पाण्यात. काठावरून एक म्हातारा खारवी हाका मारत होता आणि तुम्ही त्याला हात हलवून हसत होता. हे खरं का? वहिनीला मी अजून काही बोललेले नाही.

आपल्या घरात पाण्याचं काय झालंय, ते तुला सांगायला नको. काकूंसमोर बुडालेल्या नंदूचं नाव आजही कोणी मोठ्यानं घेत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जन्म समुद्रावर काढलेली माणसं होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवतात. त्यांना जे धाडस होत नाही, ते तुम्ही सुट्टीला म्हणून येऊन करता? आणि पावसाळा सरला म्हणजे भीती सरली असंही नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ओहोटी आत ओढते तेव्हा पोहता येणाराही थकतो. चुकून तसं झालंच, तर किनाऱ्याकडे झटत राहू नकोस. काठाला समांतर पोहत ओढीबाहेर पड. भरतीचा अंदाज काढणं तर आजोबांनी तुला शिकवलंय: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पुढे सहा तास पाणी उतरत जाणार. ते विसरलास का रे?

आता ऑगस्टमध्ये लेहला निघालायस. विमानानं जाणार आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंगला, असं तुझ्या ताईनं सांगितलं. लेहच साडेतीन हजार मीटरवर, खिंड पाच हजारांच्या वर. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहा, पाणी पी, गावातल्या गावात हळू हिंड. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर मित्रांपासून लपवू नकोस आणि आणखी वर चढू नकोस. त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. तिथला ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला, तर ऐक. गुहागरच्या त्या म्हाताऱ्याचं ऐकलं नाहीस, हेच माझ्या डोक्यातून जात नाही. तो काय उगाच घसा कोरडा करत होता?

रागावले खरी. पण तू घरी बसावंस म्हणून नाही. दादानं, तुझ्या बाबानं, एकदा मला मनालीला चल म्हटलं होतं. माझी बी.एड.ची परीक्षा तोंडावर होती, म्हटलं पुढच्या वर्षी जाऊ. ते पुढचं वर्ष आलंच नाही. रोहतांगचा बर्फ मी त्याच्या काळ्यापांढऱ्या फोटोंतच पाहिला, आणि आता त्याचे गुडघे त्याला आपल्या घराचा जिनासुद्धा नीट चढू देत नाहीत. तू निघालास की तो नकाशा काढून बसतो, आज कुठवर पोचला असेल ते बघत. तुला तो हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

तेव्हा जा. पँगाँग बघ, त्याचे रंग कसे बदलतात ते दादाला फोनवर सविस्तर सांग. लोकरीचे मोजे करून ठेवलेत, शनिवारी येऊन घेऊन जा. पैसे कमी पडले तर मला कळव, वहिनीला नको. आणि लेहला उतरलास की आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आत्या