कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा

उन्हाळा लागला की आपल्या धूलकोटच्या घराघरांत कूलर पुसून, जाळ्या बदलून तयार होतात. पण कूलर हवा थंड कशी करतो, हे आपण समजून घेऊ या.

पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतून घेते व हवा थंड होते. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. १ किलो बर्फ वितळताना लागणाऱ्या उष्णतेच्या ही सातपट आहे! माठातले पाणी याच नियमाने गार होते. पूर्वी दारावर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. आता ते काम पंप आणि पंखा करतात.

हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. मे महिन्यात तापमान ४२ अंश व आर्द्रता २० टक्के असेल, तर फुगा ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात सुमारे २४ अंश दाखवतो. त्यापेक्षा खाली कूलर जाऊ शकत नाही. चांगला कूलर २८-२९ अंशांपर्यंत पोहोचतो. जुलैत ३२ अंश व ८० टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २९ अंश असते. म्हणून पावसाळ्यात कूलर निरुपयोगी वाटतो.

खोली बंद ठेवली तर ओलावा आतच साठतो, अंग चिकचिकते आणि गारवा संपतो. म्हणून कूलर बाहेरची कोरडी हवा घेईल असा ठेवावा व समोरची खिडकी उघडी असावी.

कूलर वीज कमी घेतो, पण पाणी पितो. तेही विहिरी आटतात त्याच दिवसांत! आपल्या बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात सातपुड्याचे झिरपते पाणी कुंडी भंडाऱ्यातून शहरात आणले गेले. पाण्याचे मोल या भूमीला जुने आहे. खोलीत कोणी नसेल तर कूलर बंद करावा.

पालकांना विनंती : पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि मुलांना चालू कूलरला हात लावू देऊ नये. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी.