‘औदुंबर’ उदास आहे का?

प्रश्न : बालकवींची ‘औदुंबर’ मला शाळेपासून आवडते. वाचली की हिरवंगार, शांत वाटतं. माझी मुलगी म्हणते, कविता उदास आहे, तिच्यात मृत्यूची चाहूल आहे. आमच्यात बरोबर कोण? कवीच्या मनात नसलेलं आपण उगाच काढत बसतो का? कथेतही लेखकाने न लिहिलेलं वाचकाने कशावरून धरायचं?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दोघंही बरोबर आहात, फक्त तुम्ही दोघं त्या कवितेच्या वेगवेगळ्या भागांवर बोट ठेवताय.

कविता अवघ्या ८ ओळींची. पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि रंगांवर लक्ष ठेवा. पहिल्या चार ओळींत झरा, दोन्ही काठांची हिरवळ, टेकडीकडचं इवलंसं गाव आणि त्याच्यापुढे शेतमळ्यांची दाटी येते. ही तुमची प्रसन्नता. पाचव्या ओळीत एक पांढरी, वाकडीतिकडी पायवाट निघते. एवढ्या हिरव्यात तेवढीच पांढरी. ती कुरणांतून जाते आणि पोचते कुठे, तर काळ्या डोहाकडे. तिथून पुढे हिरवा रंग परत येत नाही. पाण्यावर काळोखी पसरते आणि शेवटी झाड दिसतं, पाण्यात पाय सोडून बसलेलं. आणखी एक गोष्ट पाहा. झरा वाहतो, वाट चालते, सावली पसरते. बसलेला आहे तो एकटा औदुंबर. गाव आहे, वाट आहे, पण माणूस एकही नाही.

म्हणजे भाववृत्ती ही सबंध कवितेला एकदाच चिकटवायची चिठ्ठी नव्हे, ती ओळीगणिक सरकते. मुलीची उदासी उत्तरार्धातून आली आहे आणि तिला आधार आहे. पण तिने एका गोष्टीचं उत्तर द्यायला हवं. पाण्यावर पसरणाऱ्या त्या काळिम्याला बालकवी गोड म्हणतात. नुसतं दुःख असतं तर हा गोडवा आला कुठून? मला स्वतःला तिथे ना शोक दिसतो ना आनंद. सगळ्या हालचालीतून अंग काढून घेतलेली एक तृप्त विरक्ती दिसते.

मृत्यूचं काय? पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते, एवढा पुरावा कवितेतच आहे. पण १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, तेही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, म्हणून या कवितेत त्यांना आपलं मरण दिसलं होतं, असं कुणी म्हणू लागलं की मी थांबवतो. कविता आधीची, तिला पुढचं ठाऊक नाही. औदुंबर हे दत्ताचं झाड, ही आठवण मात्र चालेल, कारण ती कवीला आणि त्याच्या वाचकांना सारखीच होती. पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडात एखादा बैरागी दिसला तर ते वाचन खरंच आहे. तिथून ‘ही दत्तभक्तीची कविता’ इथवर मात्र जाता येत नाही. पादुका नाहीत, पार नाही, घंटा नाही, दुसरी कसलीच खूण नाही. एका खुणेवरून शंका घ्यावी. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की अर्थ म्हणावं. त्या कवीने जाणून पेरल्या की नकळत उतरल्या, याने फरक पडत नाही. त्या कागदावर असल्या म्हणजे झालं.

आता कथा. रवींद्रनाथांची ‘पोस्टमास्तर’ घ्या, १८९१ ची. उलापूर नावाच्या आडगावात कलकत्त्याचा तरुण पोस्टमास्तर होऊन येतो. रतन ही अनाथ पोर त्याची कामं करते, तो तिला अक्षरं शिकवतो. आजारपणानंतर तो नोकरी सोडून निघतो. मला घरी न्याल का, असं ती विचारते. तो हसून म्हणतो, ते कसं जमेल? सकाळी उठून पाहतो तर आंघोळीचं पाणी तयार. तो केव्हा निघणार हे तिला विचारता आलं नव्हतं, म्हणून तिने रात्रीच नदीवरून पाणी आणून ठेवलं होतं.

का विचारता आलं नाही, हे रवींद्रनाथ सांगत नाहीत. ते आपल्याला कळतं, कारण रात्रीच्या नकाराची ओळ आपण नुकतीच वाचलेली असते. पुढे तो जवळजवळ सगळा पगार तिच्या हातावर ठेवू लागतो, ती पाया पडते, काही नको म्हणते आणि पळून जाते. पाणी आणि पैसे या दोन खुणा एकत्र ठेवल्या की तिला काय हवं होतं हे वेगळं लिहावं लागत नाही.

या कथेची मध्यवर्ती कल्पना ‘विरह’ अशी एका शब्दात लिहितात, तेव्हा मला हळहळ वाटते. विरह हा विषय झाला. कथा म्हणते ते असं : एकाच नात्यात एकाचा वेळ जात होता आणि दुसरीचं घर उभं राहत होतं. याचा पुरावा शेवटी आहे. होडी सुटल्यावर त्यालाही परत फिरावंसं वाटतं, पण शिडात वारा भरलेला असतो आणि आयुष्यात असे वियोग व्हायचेच, या विचाराने तो मनाची समजूत घालतो. रतनपाशी असला विचार नाही. ती पोस्टाभोवती रडत फिरत राहते. ‘पोस्टमास्तर निर्दयी होता’ हे उत्तर मी कच्चं मानेन. निर्दयी माणूस पगार पुढे करत नाही, आणि परत फिरायचा विचारही त्याच्या मनात येत नाही.